सावनेरच्या पुढे हिंदी कशासाठी?

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की मराठी मध्यमवर्गाच्या घरोघर एकच विषय निघतो : यंदा कोठे जायचे? ज्यांच्या गाठी चार पैसे अधिक आहेत ते हल्ली इटलीचे नाव घेतात. टस्कनीच्या टेकड्यांवरील सिएना, मोन्तेपुल्चानो, सान जिमिन्यानो ही गावे भाड्याच्या मोटारीने पाहत हिंडावे, असा बेत आता आपल्या ओळखीच्या घरांतूनही ऐकू येतो. ज्यांची मिळकत बेताची, किंवा ज्यांना परदेशाचा सोस नाही, ते नागपुराहून सातपुड्याची वाट धरतात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया आणि शेवटी पचमढी असा त्यांचा मार्ग असतो. या दोन्ही प्रवासांस आमची ना नाही. ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे थंड हवा खावी. आमचा आक्षेप आहे तो या दुसऱ्या प्रवासात सावनेर मागे पडताच आपल्या मंडळींच्या जिभेवर जो पालट होतो, त्याला.

सावनेरला रस्ता फुटतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७ पांढुर्ण्यावरून मुलताई आणि बैतुलाकडे जातो. ५४७ क्रमांकाचा सौंसरवरून छिंदवाड्यास चढतो. दोन्ही वाटांवर काही मैलांच्या आत मध्य प्रदेशाची पाटी लागते. ती पाटी दिसली की गाडीतला मराठी मनुष्य हिंदीच्या तयारीला लागतो. सौंसरला चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवून तो म्हणतो, "भैया, चार चाय देना." टपरीवाला आतल्या पोऱ्याला ओरडून सांगतो, "चार चहा ठेव रे, साखर कमी टाक!" आणि मग पाहुण्याकडे वळून अदबीने विचारतो, "कहाँ से आ रहे हैं साहब?" साहेब नागपूरचे असतात, अमरावतीचे असतात, पुण्याचेही असतात. टपरीवाला सौंसरचाच असतो. दोघांच्याही घरची भाषा मराठी. तरी पाच मिनिटे दोघेही उसन्या भाषेत बोलतात, पैसे देतात-घेतात, आणि एकमेकांना परके समजून निरोप घेतात. हा देखावा या रस्त्यावर आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की त्याविषयी आता गप्प राहणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

या लहानशा प्रसंगात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, त्या टपरीत चहाचे कप विसळणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा हा सारा संवाद ऐकत असतो. शाळेत त्याला शिकविले जाते की राज्याची भाषा हिंदी. कचेरीत त्याचा बाप अर्ज हिंदीत लिहून घेतो. आता मोटारीतून आलेले, चांगल्या कपड्यांतले, नागपूर-पुण्याचे मराठी लोकही त्याच्याशी हिंदीतच बोलतात. त्या मुलाने यावरून कोणता निष्कर्ष काढावा? मराठी ही आजीशी बोलण्याची भाषा आहे. घराचा उंबरठा ओलांडला की तिचा उपयोग संपतो, हाच. हा निष्कर्ष त्याला सरकारने शिकविला असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. त्याचा शेवटचा धडा आपल्या प्रवाशांनी दिलेला असतो.

पांढुर्णा आणि सौंसर ही काय गावे आहेत, हे आमच्या कोकण-गोव्याकडील वाचकांस सांगावयास हवे. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यात हा मुलूख आहे. २०२३ सालापर्यंत ही दोन्ही ठिकाणे छिंदवाडा जिल्ह्यात होती. त्या वर्षी ती वेगळी काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. शेत पाहावे तर कापसाचे आणि तुरीचे, मळा पाहावा तर संत्र्याचा. काटोल-नरखेडकडे संत्र्याचे जे बगीचे आहेत तेच हद्द ओलांडून इकडे पसरले आहेत. आंबिया आणि मृग या दोन बहरांची नावे दोन्हीकडे एकच. पांढुर्ण्याचे संत्रे मुंबईच्या बाजारात नागपुरी म्हणून विकले जाते आणि कोणी त्यास मध्य प्रदेशाचे म्हणून नाक मुरडीत नाही. फळाला आपण आपले म्हणतो. ते पिकविणाऱ्याच्या भाषेला मात्र म्हणत नाही.

वर्तमानपत्रांतून पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदाच झळकते, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो आणि मारबतीची मिरवणूक निघते. पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात, आणि एका तीरावरून पांढुर्ण्याचे तर दुसऱ्या तीरावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. माणसे शेकड्यांनी जखमी होतात. कित्येकदा जीवही गेले आहेत. शासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते मानले नाहीत. या प्रथेचे समर्थन आम्ही करणार नाही. ज्याने कायद्याचा अभ्यास केला तो दगडास युक्तिवाद मानू शकत नाही. परंतु एका दिवसाच्या दगडांवरून वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे गाव ओळखणे हाही न्याय नव्हे. ज्या पोळ्याला जोडून हा प्रकार घडतो तो पोळा विदर्भाचा आहे, बैलांच्या शिंगांना रंग आणि पाठीवर झूल तीच आहे, आणि दगड लागून कळवळलेल्याच्या तोंडून "आई गं" हेच शब्द निघतात.

मराठी माणसाचे या मुलखाशी नाते नवे नाही. देवगडच्या गोंड राजांचे राज्य याच डोंगरांत होते. त्यांतील बख्त बुलंद याने १७०२ साली नागपूर वसविले आणि पुढे तेथे भोसल्यांची सत्ता आली. म्हणजे नागपूर हे या डोंगराळ मुलखाने घडविलेले शहर आहे. इंग्रजांनी १८६१ साली मध्य प्रांत निर्माण केला तेव्हा त्याची राजधानी नागपूर झाली. पुढे वऱ्हाड त्यास जोडले गेले. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याचे कापूस विकण्याचे ठिकाण नागपूर, मुलाला शिकविण्याचे नागपूर, दुखणे विकोपाला गेले तर इस्पितळ नागपूरचे. १९३६ साली नागपुरास उच्च न्यायालय झाले, तेव्हा दाव्यासाठीही नागपूरच. छिंदवाड्याची छोटी गाडी सौंसर आणि रामाकोना घेत नागपुरास येई. ती नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस मोठ्या रुळांसाठी बंद होईपर्यंत तिच्या डब्यांतून कोणती भाषा ऐकू येत असे, ते जुन्या प्रवाशांना विचारावे.

मग १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आली. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील पांढुर्णा-सौंसरसह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपुरास. सौंसरच्या पक्षकाराला दोन तासांत गाठता येणारे नागपूरचे न्यायमंदिर कायद्याने परके झाले आणि अडीचशे किलोमीटरांहून दूरचे जबलपूर आपले झाले. ज्याने कधी कज्जा लढविला आहे त्याला यात काय सोसावे लागते ते सांगण्याची गरज नाही. वकिलाची फी एक वेळ परवडते; वाट परवडत नाही.

येथे आमच्यावर एक आरोप येईल, तो आधीच निकालात काढतो. 'हा सीमावाद उकरण्याचा डाव आहे' असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. बेळगाव-कारवारच्या प्रश्नावर महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ साली आला, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाच्या गुणावगुणात आम्ही येथे शिरत नाही. पांढुर्णा-सौंसरसाठी असा दावा कोणी लावावा असे आमचे मत नाही. सात दशके लोटली, तेथील पिढ्या त्या राज्यात रुळल्या, त्यांचे हितसंबंध तेथे गुंतले; रेषा आहे तेथे राहू द्या. आमचे म्हणणे इतकेच की राज्याची हद्द ही कारभाराची हद्द असते. वसुली कोणी करावी, पोलीस ठाणे कोणाचे, एवढेच ती ठरविते. दोन माणसांनी चहा पिताना कोणत्या भाषेत बोलावे हे ठरविण्याचा अधिकार तिला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. तो आपण आपण होऊन तिच्या हवाली केला आहे.

उलट, कायदा आपल्या बाजूचा आहे. ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही रेषा ओढली गेली, त्याच दिवशी राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली. रेषा कोठेही ओढली तरी काही लोक तिच्या पलीकडे राहणारच, हे घटनाकर्त्यांनंतरच्या त्या संसदेला कळत होते. म्हणून त्या दुरुस्तीने घटनेत दोन कलमे घातली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असे कलम ३५० क सांगते. अशा लोकांच्या हक्कांवर देखरेख करणारा विशेष अधिकारी राष्ट्रपतींनी नेमावा, असे कलम ३५० ख सांगते. मुळातले कलम ३५० तर याहून उदार आहे. आपली तक्रार कोणाही नागरिकाने संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडावी, असा हक्क ते देते. आणि २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देशाच्या कोणत्याही भागातील जनसमूहास दिलेला आहे.

परंतु हक्काचा एक स्वभाव आहे. तो मागणाऱ्यावाचून जागा होत नाही. मराठी शाळा चालू राहावी असा अर्ज पालकांनी केला तर कलम ३५० क हालचाल करील. पालकांनाच मराठी शिकून काय मिळणार असे वाटू लागले तर ते कलम पुस्तकात झोपून राहील. आणि पालकांना असे का वाटते? मराठी शिकलेल्या मुलाला पुढे कोण विचारतो, हे ते पाहतात. नागपूर तेथून शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. त्या मुलाचे गिऱ्हाईक, त्याचा मालक, त्याचा सोयरा बहुधा नागपूरचाच निघणार. त्या नागपूरकराने मराठीत विचारले, मराठीत सौदा केला, मराठीत पावती मागितली, तर मराठीचे मोल त्या बापाला कोणी पटवून देण्याची गरज उरत नाही. भाषेला बाजारात किंमत आहे की नाही हे गिऱ्हाईक ठरविते, आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत या रस्त्यावरचे मोठे गिऱ्हाईक आपण आहोत.

आता ज्यांना इटलीच्या डोंगरी गावांचे वेड आहे त्यांच्याशी थोडे बोलू. ती गावे सुंदर आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. सान जिमिन्यानोचे एके काळी सुमारे ७२ बुरूज होते, त्यांतील १४ उभे आहेत, आणि ते पाहावयास जग लोटते. पण ही गावे जगाला दिसली कशी? १८९४ साली मिलान येथे ५७ सायकलस्वारांनी एक प्रवासी मंडळ काढले. तेच आजचे इटलीचे टूरिंग क्लब. त्या मंडळाने रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावल्या, नकाशे छापले, आणि १९१४ पासून प्रांताप्रांताची मार्गदर्शक पुस्तके काढली, जेणेकरून इटालियन माणसाला प्रथम स्वतःचा देश कळावा. परक्यांनी कौतुक करण्याआधी आपल्यांनी पाटी लावली. सातपुड्याचे नशीब उलटे. पचमढीचे इंग्रजीत वर्णन कॅप्टन फोर्सिथने केले. त्याचे मध्य भारतातील उंच प्रदेशांवरील पुस्तक १८७१ साली निघाले, आणि अद्याप आपले प्रवासी पचमढी त्याने 'शोधली' असे एकमेकांना सांगतात. ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या महादेवाची यात्रा भरत आली, तो म्हणे शोधला गेला!

इटलीतून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, पण ती टस्कनीत दिसत नाही. तिच्यासाठी उत्तरेस आल्प्सच्या डोंगरांत जावे लागते. दक्षिण टिरोल हा जर्मन बोलणारा डोंगराळ प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने, ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत तेथील जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली गेली, आणि लोक तळघरांतून चोरून मुलांना जर्मन शिकवू लागले. युद्धानंतर १९४६ साली इटली आणि ऑस्ट्रिया यांचा करार झाला, १९७२ साली व्यापक स्वायत्तता मिळाली, आणि १९९२ साली ऑस्ट्रियाने तो वाद मिटल्याचे जाहीर केले. सीमा जेथे होती तेथेच राहिली. परंतु आज बोल्झानोच्या पाटीवर बोझेन हे नावही असते, शाळा जर्मनही असतात, आणि इन्सब्रुकहून ब्रेनर खिंड ओलांडून सुटीला आलेला कुटुंबवत्सल ऑस्ट्रियन तेथील खानावळीत जर्मनमध्येच जेवण मागतो. त्यामुळे इटलीचे सार्वभौमत्व कमी झाले असे रोममध्ये कोणास वाटत नाही. आमचा प्रवासी मात्र सतनूरची चौकी ओलांडताच आपल्याच बोलीला पासपोर्ट लागतो असे समजून वागतो.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. 'परक्या राज्यात गेल्यावर तेथील भाषा बोलावी, हे सौजन्य नव्हे काय?' सौजन्यच आहे. पण यजमानाची भाषा बोलणे हे सौजन्य, यजमानाच्या सरकारची नव्हे. सौंसरच्या मराठी दुकानदाराशी हिंदीत बोलणे म्हणजे त्याच्या दारावर त्याचे नाव न वाचता त्याला परक्या नावाने हाक मारणे आहे. अर्थात त्या मुलखात सारेच मराठी नाहीत. हिंदी बोलणारे आहेत, पवारी बोलणारे आहेत, गोंडी बोलणारे तर आपल्या सर्वांच्या आधीपासून आहेत. त्यांच्यावर मराठी लादावी असे जो म्हणेल तो मूर्ख. आमचा नियम साधा आहे : बोलण्यास आरंभ मराठीत करावा, उत्तर हिंदीत आले तर पुढे खुशाल हिंदीत बोलावे. या नियमाने कोणाचा अपमान होत नाही. आणि पहिल्या वाक्याला "कोठून येऊन राहिले जी?" असे उत्तर आले, की प्रवास किती सुखाचा होतो, याचा अनुभव ज्याने त्याने घ्यावा.

तिसरा आक्षेप : 'वाटेत थांबण्यासारखे तेथे आहे काय?' हा प्रश्न बहुधा तोच करतो ज्याने पचमढीपर्यंत मोटारीच्या काचा खाली केलेल्या नसतात. सौंसरजवळ जामसावळी आहे. तेथे पिंपळाखाली निजलेल्या रूपातील हनुमंत आहे. मंगळवार-शनिवारी विदर्भातून भाविकांची रीघ लागते. मोहगाव हवेलीस अर्धनारीश्वर आहे. पांढुर्ण्याच्या पुढे, थोडी घाटी चढली की मुलताई, तापीचे उगमस्थान. वर्धा नदीही त्याच डोंगरांत उगम पावते. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा, त्याच्याही पुढे तामिया आणि पाताळकोटची खोल दरी, जिच्या तळाशी भारिया आणि गोंड यांची बारा गावे आहेत. चैत्र-वैशाखात मोहाची फुले वेचून झालेली असतात, तेंदूपत्त्याची तोडणी चालू असते, चारोळीचे दाणे फोडून बाजारात येत असतात. नागपूर शहर ज्या पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी पिते, त्या दोन्ही याच डोंगरांतून उतरतात. ज्यांच्या पाण्यावर आपली तहान भागते त्यांच्या गावाला 'वाटेतले गाव' म्हणण्यास काही मर्यादा असावी.

आणि देवस्थानांशी जोडलेल्या आमच्या वाचकांसमोर आम्हांस एक साक्षीदार उभा करावयाचा आहे. महाशिवरात्रीस खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन पचमढीचा चौरागड चढणारा वऱ्हाडी शेतकरी त्यांनी पाहिला असेल. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची अवघड वाट तुडविणारेही बहुतांशी विदर्भातलेच. त्यांच्यापैकी कित्येकांना अक्षरओळख नसते. त्यांच्यापाशी हिंदी नाही, इंग्रजी तर नाहीच. ते पांढुर्णा ओलांडतात, सौंसर ओलांडतात, थेट पचमढीच्या बाजारात उभे राहतात, आणि मराठीतच भाव विचारतात. दुकानदारही मोडक्यातोडक्या मराठीत त्यांना भाव सांगतो. या निरक्षर यात्रेकरूने मराठीची वाट सातपुड्याच्या माथ्यापर्यंत मोकळी ठेवली. पदवीधर प्रवाशाने ती सावनेरपाशीच सोडून दिली. कोणाला भाषेचा अभिमानी म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

या नियतकालिकाच्या पानांवर मराठी आणि कोकणी शेजारी नांदतात, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम येथे मांडीत आहोत. हद्दीपलीकडे राहणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाइतके कोणास ठाऊक? सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि कित्येक कुटुंबे कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत गेली. तेथे त्यांनी देवळे बांधली. राज्ये बदलली, लिपीही बदलली. कोणी कानडीत लिहू लागले, कोणी मल्याळममध्ये. घरात आणि देवळाच्या आवारात मात्र कोकणी राहिली. कोचीच्या देवळात गोव्याचा मनुष्य गेला आणि कोणी "तुमचो गांव खंयचो?" असे विचारले, तर त्याच्या डोळ्यांत पाणी येते. त्याने त्याचे उत्तर मल्याळममध्ये दिले तर विचारणाऱ्यास काय वाटेल? सौंसरच्या माणसाला आपण नेमके तेच उत्तर दर उन्हाळ्यात देत आहोत. कोकणीला आठव्या परिशिष्टात स्थान मिळावयास १९९२ साल उजाडले, पण ती तोवर टिकली ती कोणत्याही परिशिष्टाच्या आधाराने नव्हे; आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलण्याच्या नुसत्या सवयीने टिकली. तीच सवय आम्ही मराठी प्रवाशाकडे मागत आहोत.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांस मोर्चा लागत नाही. या उन्हाळ्यात सातपुड्याकडे जाणाऱ्यांनी एक रात्र पांढुर्ण्यात किंवा सौंसरला काढावी. चहा, पेट्रोल, भाजी, देवळातील अभिषेकाची पावती, जे मागावयाचे ते प्रथम मराठीत मागावे. मुलांना 'आता मध्य प्रदेश आला' एवढेच न सांगता, 'राज्य बदलले, भाषा नाही' हेही सांगावे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी आपल्या ग्रंथप्रकाशनाच्या प्रती, पंचांगे, बालवाङ्मय या दोन गावांतील वाचनालयांस आणि मराठी वर्गांस पाठवावे. पुण्या-मुंबईच्या कपाटांत त्या प्रतींवर धूळच बसते. जे प्रवासवर्णने लिहितात त्यांनी टस्कनीवर एक लेख लिहावा आणि सिल्लेवानीच्या घाटावर एक लिहावा. आणि जे कायदा जाणतात त्यांनी तेथील पालकांस कलम ३५० क समजावून सांगावे, तेही मराठीतून.

यांतील एकही गोष्ट न करता जे मराठीच्या ऱ्हासाबद्दल सभेत अश्रू ढाळतात, त्यांचा दावा चालविण्यास आम्ही असमर्थ आहोत. दाव्यात वादीचे स्वतःचे वर्तन प्रथम पाहिले जाते. सावनेरच्या पुढे हिंदी बोलणाऱ्या प्रवाशाला कोणी भाग पाडलेले नाही. त्याच्यावर सक्तीचा कायदा नाही, दंड नाही, कोणाची जरब नाही. मग तो ती कशासाठी बोलतो? याचे समाधानकारक उत्तर ज्यास सापडेल त्याने ते अवश्य कळवावे. तोवर आमचा निकाल त्याच्या विरुद्ध आहे.